‘गेला’ आणि ‘धरत नाही’

२०२४च्या जुलैमध्ये, पनवेलात पावसाने आठवडाभर उघडीप दिलेली नसताना, माझा घरचा संगणक एका सकाळी सुरू होईना. पंखा फिरत होता, कॅबिनेटवरचा दिवा लागत होता, पडदा मात्र काळा. पदव्युत्तर वर्गाच्या चार लघुप्रबंधांवरील अभिप्राय त्यात लिहून ठेवले होते आणि ते सादर करण्यास तीन दिवस उरले होते. त्यांची दुसरी प्रत कोठेही ठेवलेली नव्हती. हा दोष सर्वस्वी माझा. पेटी रिक्षात घालून गावातल्या एका दुकानात नेली. तेथील गृहस्थांनी बटण दाबले, क्षणभर पडद्याकडे पाहिले आणि दोन मिनिटांत निदान सांगितले : ‘बोर्ड गेला. या मॉडेलचा आता मिळणार नाही. नवीनच घ्या.’

‘जाणे’ हे मराठीतले मोठे निर्वाणीचे क्रियापद आहे. माणूस जातो, जमीन जाते, वीज जाते. वीज निदान परत येते; पण यंत्राचा भाग ‘गेला’ असे एकदा म्हटले की पुढची विचारपूस संपते. वर्गात एखाद्या विद्यार्थ्याने कवितेविषयी असे ठाम विधान केले, तर ‘कशावरून?’ असे मी हमखास विचारते. दुकानात मात्र तो प्रश्न माझ्या तोंडून बाहेर पडला नाही. मी मान हलवली आणि पेटी परत रिक्षात घातली.

आमच्या महाविद्यालयाच्या संगणककक्षात आमचाच एक माजी विद्यार्थी हंगामी मदतनीस म्हणून काम करतो. संध्याकाळी तो घरी आला. मी त्याला दुकानातले निदान सांगितले. तो म्हणाला, ‘मॅडम, गेला नका म्हणू एवढ्यात. कुठेतरी काहीतरी धरत नाहीये, एवढंच आत्ता कळतंय.’

पुढचा तासभर मी जे पाहिले, त्यातून हा लेख निघाला आहे. त्याने प्रथम वायर भिंतीतून काढली, आत साठलेली वीज निघून जावी म्हणून सुरू करण्याचे बटण काही सेकंद दाबून धरले आणि कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला. अंगावरची स्थिर वीज नाजूक भागांत उतरू नये म्हणून ही काळजी घ्यायची असते. मग त्याने एकेक वस्तू काढायला सुरुवात केली : ग्राफिक्स कार्ड, हार्ड डिस्क, डीव्हीडी ड्राइव्ह, रॅमच्या दोन पट्ट्यांपैकी एक. शेवटी बोर्ड, प्रोसेसर, एक पट्टी आणि वीजपुरवठा एवढेच उरले. पडद्याची तार त्याने बोर्डालाच जोडली. पडदा काळाच. ती पट्टी काढून दुसरी लावली; पडद्यावर अक्षरे आली. पहिली पट्टी त्याने खोडरबराने पुसली, तिच्या सोनेरी कडेवरचा मळकट थर निघाला, आणि मग तीही चालू लागली. कोकणातल्या दमट हवेत संपर्काच्या जागी असा थर धरतो. अक्षरे आली तेव्हा तारीख कित्येक वर्षे मागची दिसत होती. त्याचे कारणही त्याने सांगितले : संगणक बंद असताना घड्याळ चालू ठेवणारा बोर्डावरचा बटणाएवढा सेल संपला आहे. ‘सीआर २०३२’ नावाचा हा तीन व्होल्टचा सेल घड्याळाच्या दुकानातही मिळतो. तारीख चुकली की अनेक संकेतस्थळेही उघडत नाहीत, हेही तेव्हा कळले. चारही अभिप्राय जागच्या जागी होते.

मी त्याला विचारले, ‘दोन्ही पट्ट्या एकदम पुसून का नाही लावल्यास?’ तो म्हणाला, ‘दोन गोष्टी एकदम बदलल्या की कशामुळे चालू झालं ते कळत नाही.’

आता कबुलीचा भाग. याच मुलाला पदवीच्या दुसऱ्या वर्षी उपयोजित मराठीच्या पत्रिकेत मी शंभरपैकी चाळीस गुण दिले होते. त्याची उत्तरपत्रिका मला आठवते, कारण ती कोरडी होती. ‘ग्रंथालयासाठी सूचनाफलक लिहा’ या प्रश्नाला त्याने तीन ओळी लिहिल्या होत्या. ‘विचारांची मांडणी विस्कळीत’ असा शेरा मारल्याचेही आठवते. ज्याच्या मांडणीला मी विस्कळीत म्हटले, त्याने माझ्यासमोर तासभर एकही पायरी न गाळता विचार केला, आणि तो मराठीत केला. तेव्हा त्याच्यापेक्षा माझा प्रश्नच अधिक तपासण्यासारखा होता.

त्याची पद्धत साहित्याच्या अभ्यासकांना परकी वाटू नये. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तेव्हा एक हजार दोनशेहून अधिक हस्तलिखिते विचारात घेतली होती. एका प्रतीतला शब्द संशयास्पद वाटला की तो दुसऱ्या प्रतीशी ताडून पाहायचा, हे त्या कामाचे मूळ. संगणक दुरुस्त करणारा चांगला चालता भाग लावून संशयित भाग ताडतो, तेव्हा तोही पाठभेद पाहत असतो. पाठचिकित्सा आपण अभ्यासक्रमात ठेवतो. दुसऱ्या कामाला ‘टेक्निकल’ म्हणून बाजूला सारतो.

बिघाडाचे निदान बरेचसे अचूक वाक्य बनवण्यात असते. ‘संगणक चालू होत नाही’ या एका वाक्यात निदान चार निरनिराळे बिघाड दडलेले असतात. बटण दाबूनही पंखा, दिवा, काहीच हलत नाही, म्हणजे वीज आत येत नाही. तेव्हा भिंतीतला सॉकेट, वायर, एसएमपीएस आणि बटणाची तार पाहायची. वीज येते पण चित्र येत नाही, म्हणजे रॅम, प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड किंवा पडद्याची तार यांकडे वळायचे. चित्र येते पण विंडोज सुरू होत नाही, म्हणजे संशय बहुतेक वेळा डिस्कवर आणि तीत साठवलेल्या प्रणालीवर. सगळे सुरू होते पण काही वेळाने आपोआप बंद पडते, म्हणजे प्रोसेसर तापतो आहे का, त्यावरचा पंखा धुळीने अडला आहे का, त्याखालची उष्णता वाहून नेणारी पेस्ट सुकली आहे का, की एसएमपीएस भार पेलत नाही, हे तपासायचे. (एसएमपीएसची पेटी मात्र घरी कधीही उघडू नये, वायर काढल्यावरही तिच्या आत धोकादायक दाब शिल्लक राहू शकतो.) चारही वाक्ये साधी आहेत, पण ती वेगळी ठेवता आली नाहीत तर मनुष्य दुकानदाराच्या ‘गेला’च्या स्वाधीन होतो.

याच संदर्भात ‘सीपीयू’ या शब्दाची गंमत पाहण्यासारखी आहे. आपल्याकडे सर्वत्र संपूर्ण पेटीलाच सीपीयू म्हणतात. वास्तविक ते नाव आतल्या एका चौकोनी चकतीचे, म्हणजे प्रोसेसरचे. भागाचे नाव पूर्णाला देणे ही काव्यशास्त्रातली सरळ लक्षणा झाली. बोलण्यात तिने काही बिघडत नाही. परंतु ‘सीपीयू खराब आहे’ असे पावतीवर लिहून मिळाले, की अभिधा घ्यायची की लक्षणा, या प्रश्नाची किंमत काही हजार रुपये असते.

त्या वर्षीच्या दिवाळीच्या सुटीत भाचीसाठी नवा संगणक घ्यायचा होता. तयार घेण्याऐवजी तो घरी जुळवावा असे ठरवले आणि त्या मुलाला बरोबर घेऊन लॅमिंग्टन रोड गाठला. पनवेलहून हार्बरने कुर्ला, तेथून दादर आणि पुढे ग्रँट रोड. १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॅमिंग्टनचे नाव अधिकृतपणे जाऊन त्या रस्त्याला डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग हे नाव मिळाले, तरी बाजार अजून जुन्याच नावाने ओळखला जातो. रेडिओच्या सुट्या भागांपासून संगणकाच्या सुट्या भागांपर्यंत त्या बाजाराने पिढ्या पाहिल्या आहेत.

तेथे मला पहिला धडा मिळाला तो प्रत्ययांचा. इंटेलचा आय-५ १२४०० हा प्रोसेसर आणि १२४००एफ हा प्रोसेसर यांत एका अक्षराचा फरक. हा ‘एफ’ अभावदर्शक आहे : तो लागला की प्रोसेसरमध्ये चित्र दाखवण्याची सोय नाही, वेगळे ग्राफिक्स कार्ड घ्यावेच लागते. एएमडीच्या घरात व्याकरण उलटे. तेथे रायझन ५ ५६०० यात ती सोय नाही आणि ५६००जी यात आहे. ‘एफ’वाला थोडा स्वस्त मिळतो म्हणून घेऊन येणारा आणि घरी काळा पडदा पाहून बोर्डाला दोष देणारा ग्राहक तेथील दुकानांना नवा नाही.

दुसरा धडा जुळण्याचा. प्रोसेसर ज्या खोबणीत बसतो ती खोबण बोर्डागणिक वेगळी. १२४००ला एलजीए १७०० ही खोबण लागते, रायझन ५६००ला एएम-४. डीडीआर-४ ची रॅम डीडीआर-५ च्या जागी बसत नाही, कारण पट्टीची खाच मुद्दामच वेगळ्या ठिकाणी ठेवलेली असते. जुना बोर्ड नव्या प्रोसेसरला खोबण जुळूनही ओळखत नाही, त्यासाठी आधी बोर्डाची बायोस अद्ययावत करावी लागते. आणि एसएमपीएसवर पैसे वाचवू नयेत, कारण तो बिघडला तर कधी कधी इतरांनाही बरोबर घेऊन जातो. ग्राफिक्स कार्ड नसलेल्या साध्या संगणकाला साडेचारशे वॉटचा एसएमपीएस भरपूर होतो, फक्त तो नावाजलेल्या कंपनीचा हवा, स्वस्त कॅबिनेटबरोबर फुकट आलेला नको.

घरी आल्यावर जुळणी मी केली. तो फक्त बाजूला बसला. बटण दाबले, पंखे फिरले, पडदा काळा! माझ्या मनात तत्क्षणी आलेला शब्द ‘गेला’ हाच होता. हाताने लावलेल्या प्रत्येक वस्तूवरचा विश्वास उडाला. मग पंखे फिरतात, म्हणजे वीज येते. चित्र येत नाही, म्हणजे दुसऱ्या वाक्यातला बिघाड, असे स्वतःशीच म्हटले. नव्या बोर्डांवर चार बारीक दिवे असतात : प्रोसेसर, रॅम, चित्र आणि डिस्क यांचे. सुरू होताना संगणक या क्रमाने स्वतःची तपासणी करतो आणि जेथे अडतो तेथला दिवा लागून राहतो. आमचा पहिलाच, प्रोसेसरचा दिवा अडला होता. एसएमपीएसमधून निघणारी मोठी चोवीस पिनांची तार मी लावली होती. प्रोसेसरला स्वतंत्र वीज देणारी, बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यात लागणारी आठ पिनांची तार मात्र पंख्यामागे तशीच लोंबत होती. वायर भिंतीतून काढून ती लावली आणि पडद्यावर अक्षरे आली. चाळीशी उलटल्यावर इतका निर्भेळ आनंद फार वेळा होत नाही.

या दोन प्रसंगांतून माझ्या लक्षात आलेली गोष्ट भाषेची आहे आणि ती आपल्या व्यवसायाला लागू आहे. त्या मुलाच्या बोलण्यातली नामे जवळजवळ सगळी इंग्रजी होती : बोर्ड, रॅम, स्लॉट, पिन, डिस्प्ले. क्रियापदे मात्र एकजात मराठी. रॅम ‘धरत’ नाही, पिन ‘बसत’ नाही, बोर्ड नवा प्रोसेसर ‘उचलत’ नाही, एसएमपीएस भार ‘ओढत’ नाही, डिस्प्ले ‘येऊन जातो’. बिघाडाचा नेमका अर्थ या क्रियापदांत आहे. ‘डिस्प्ले येत नाही’ आणि ‘डिस्प्ले येऊन जातो’ हे दोन वेगळे बिघाड आहेत, आणि तो फरक मराठी संयुक्त क्रियापदाने केला आहे. मराठी वाचवण्याचा आपला सारा खटाटोप मात्र नामांभोवती चालतो. १९६० साली भाषा संचालनालय स्थापन झाले तेव्हापासून परिभाषेचे कोश निघत आले. त्या कष्टांविषयी मला आदर आहे. परंतु ‘मदरबोर्ड’ला प्रतिशब्द सापडला नाही म्हणून या विषयावर मराठीत लिहिता येत नाही, ही समजूत चुकीची आहे. मराठीचे काम जेथे चालते, ती जागा त्या मुलाने आधीच धरून ठेवली आहे.

आपली आणखी एक विसंगती येथे नोंदवते. ब्रिटिश अमदानीतल्या गॅझेटियरमध्ये पनवेलचा धंदा म्हणून बैलगाडीच्या चाकांचा उल्लेख येतो. घाटावरून माल घेऊन उतरणारे गाडीवान परतताना येथून चाकांची जोडी नेत. ग्रामीण साहित्य शिकवताना आख, आरे, तुंबा, धाव हे शब्द आले की आपण त्यांना बोलीचे वैभव म्हणतो आणि परीक्षेत त्यांचे अर्थ विचारतो. चाक बनवणारे हात थांबल्यानंतरच त्यांचे शब्द आपल्याला सुंदर दिसू लागले. आज त्याच गावातली मुले जे भाग बसवतात, काढतात, पुसतात, त्यांचे शब्द आपल्या लेखी अशुद्ध मराठी ठरतात.

मराठी गद्याचा इतिहास मात्र इतका सोवळा नाही. ‘किर्लोस्कर’ मासिकाचे मूळ १९२० साली किर्लोस्करवाडीहून निघालेल्या ‘किर्लोस्कर खबर’मध्ये, म्हणजे नांगर आणि यंत्रे बनवणाऱ्या कारखान्याच्या गृहपत्रिकेत आहे. १९७० साली आलेल्या कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने वाटी-चमच्याच्या मापांनी हजारो घरांना स्वयंपाक शिकवला, क्रमवार, नेमके, करून पाहता येईल असे ते मराठी गद्य आहे, आणि वाङ्मयेतिहासात त्याला आपण जागा देत नाही. संगणकावरची मराठीही एकेकाळी हार्डवेअरच्या रूपाने आली होती. कानपूरच्या आयआयटीत १९८०च्या दशकात विकसित झालेले आणि पुढे, १९८८ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकने वाढवलेले ‘जिस्ट’ तंत्रज्ञान प्रथम कार्डाच्या रूपात मिळे. ते कार्ड पेटी उघडून स्लॉटमध्ये बसवले की पडद्यावर देवनागरी उमटे. मराठी अक्षर ‘धरते’ की नाही, हे तेव्हा शब्दशः कार्डावर अवलंबून होते.

माझ्या सहकाऱ्यांनी यावर दोन आक्षेप घेतले. पहिला असा की, हे ज्ञान आता कालबाह्य होत आहे. लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डालाच डागलेली असते, मोबाइल उघडता येत नाही. हे खरे आहे. पण ते तसे का आहे, हा प्रश्न पेटी कधीच न उघडलेल्या माणसाला सुचत नाही. २०२२च्या जुलैमध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्काविषयी समिती नेमली, ती याच प्रश्नावर. आपल्या वस्तूचे काय बिघडले हे स्वतःच्या भाषेत सांगता न येणारा ग्राहक तो हक्क मिळूनही वापरणार कसा?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. साहित्याच्या विभागाने साहित्य शिकवावे. आधीच उपयोजिताच्या नावाखाली कवितेचे तास कमी होत आहेत, त्यात आता संगणकदुरुस्तीची भर नको. कवितेचे तास कमी होऊ नयेत, याबाबत मी त्यांच्याच बाजूची आहे. पण उपयोजित मराठी आपण शिकवतोच आहोत. बारावीच्या पाठ्यपुस्तकात मुलाखत, माहितीपत्रक, अहवाल आणि वृत्तलेख आहेत. पदवीला अर्जलेखन, सूचनालेखन, इतिवृत्त. हे बहुतेक कार्यालयाचे आणि समारंभाचे गद्य आहे. त्यात लिहिणाऱ्याला काही शोधून काढावे लागत नाही, म्हणून ते पाठ करता येते, आणि म्हणूनच तीन ओळींत संपते.

तेव्हा माझी सूचना मर्यादित आहे. अर्जलेखनाचा एक घटक कमी करून त्या जागी बिघाडाचे टिपण ठेवावे. त्याचे चार भाग : काय दिसले, काय काय करून पाहिले आणि कोणत्या क्रमाने, त्यावरून काय ठरले, आणि काय अजून कळलेले नाही. नामे कोणत्याही भाषेतली चालतील. क्रम आणि क्रियापद नेमके हवे. ‘गेला’, ‘खराब आहे’, ‘प्रॉब्लेम आहे’ हे शब्द कारण दिल्याशिवाय वापरायचे नाहीत.

मागच्या सत्रात हा प्रयोग मी वर्गात केला. यंत्र संगणकच असले पाहिजे अशी अट घातली नाही. एका मुलीने आईच्या शिलाई मशीनवर लिहिले : धागा वरून तुटतो की खालून, यावरून कोठे पाहायचे ते. उरणकडून येणाऱ्या एका मुलाने होडीच्या इंजिनावर लिहिले, आणि त्यातली निम्मी क्रियापदे मला विचारून घ्यावी लागली. काही टिपणे अगदीच फसली. ज्यांनी घरात कधी काही उघडून पाहिले नव्हते, त्यांनी दुरुस्ती करणाऱ्याचा फोन नंबर लिहून दिला. तीही एक माहितीच होती. या वर्गात नेहमी पुढच्या बाकावर बसणारे आणि मागच्या बाकावर बसणारे यांच्या गुणांचा क्रम मात्र त्या एका तासापुरता पुष्कळ बदलला.

अभिजात भाषेचा दर्जा मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मिळाला, म्हणजे माझा संगणक दुरुस्त झाला त्यानंतर तीन महिन्यांच्या आत. त्या निमित्ताने झालेल्या भाषणांत प्राचीनतेचे पुरावे पुष्कळ ऐकले. त्या मुलाचे चाळीस गुण आता बदलता येणार नाहीत. त्याला ही हकीकत सांगितली तेव्हा तो हसला आणि म्हणाला, ‘मॅडम, सूचनाफलकात लिहिण्यासारखं होतंच काय?’ मला उत्तर देता आले नाही. उपयोजित मराठी शिकवणाऱ्या मित्रांनी असे टिपण एकदा आपल्या वर्गात लिहवून घ्यावे आणि काय निघाले ते कळवावे. आमच्याकडची टिपणे मी जपून ठेवली आहेत; या वेळी दोन ठिकाणी.